आधी चुकीचा पासवर्ड

मी ज्या टेबलावर बसायचो तिथे दिवसाला साठ-सत्तर फोन यायचे, आणि त्यातले पन्नास एकाच प्रश्नाचे असायचे: ही साइट खरी का खोटी?

बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टमधून बाहेर पडलं की डावीकडे, काचेच्या भिंतीआड आमचा तपासणी कक्ष होता. बारा खुर्च्या, बारा हेडफोन, एक पांढरा फळा. खिडक्या होत्या पण उघडत नसत. लोकांना मेसेज यायचा की तुमचं खातं आज बंद होणार, खालच्या लिंकवर जाऊन माहिती भरा. शहाणी माणसं लिंक उघडायच्या आधी आम्हाला फोन करायची. बाकीची नंतर करायची.

त्या कामात मी तरबेज होतो. "पत्ता डावीकडून वाचू नका," असं मी सांगायचो. "सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा. पुढची तिरकी रेघ येईपर्यंत जा आणि तिथून मागे या. त्या रेघेला चिकटून शेवटी जे नाव असेल तो घरमालक. त्याच्या आधी बँकेचं नाव दहा वेळा लिहिलेलं असलं तरी ती नुसती दारावरची पाटी. पाटी कोणीही लावतं." मग ते विचारायचे, पण कुलपाचं चित्र तर दिसतंय? "कुलूप म्हणजे वाटेत कोणी ऐकत नाही, एवढंच. वाट चोराच्या घरी जात असली तरी कुलूप असतंच."

जे नंतर फोन करायचे त्यांच्याशी मी इतकं गोड बोलत नसे. एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी खोट्या साइटवर सगळं भरून दिलं होतं, अगदी मोबाइलवर आलेला सहा आकडी क्रमांकसुद्धा. फोनवर रडत होते. मी म्हणालो, "मास्तर, चोराला आत घेतलंत, बसा म्हणालात, वर कपाटही उघडून दिलंत. आता मी काय करू?" फोन ठेवून मी फळ्यावर माझ्या नावापुढे एक रेघ ओढली. तशी आमची पद्धतच होती. ज्याच्या वाट्याला असे जास्त मूर्ख येतील त्याला महिनाअखेरीस बाकीच्यांनी चहा पाजायचा. शेजारच्या खुर्चीतला पोपट हसला. बँकेची छापील वाक्यं जशीच्या तशी बोलायचा म्हणून तो पोपट. मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी कीव करायची की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येईल.

आई एकटी राहायची. माझ्या घरापासून बसने पस्तीस मिनिटांवर, चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिने एकतीस वर्षं काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासल्या होत्या. पट्ट्यावरून बाटली यायची, मागे पांढरा दिवा असायचा, काचेत बुडबुडा किंवा तडा दिसला की ती उचलून पायाशी ठेवलेल्या लोखंडी पेटीत टाकायची. फुटल्याचा आवाज व्हायचा. मिनिटाला चाळीस बाटल्या. "विचार करत बसायचं नाही," ती सांगायची. "संशय आला की पेटीत. एखादी चांगली फुटली तर फुटली, वाईट पुढे जाता कामा नये." ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की ती सुरू झाली की माझे कान आपोआप मिटायचे.

एका मंगळवारी तिलाही तो मेसेज आला. तिने भर कामाच्या वेळात मला फोन केला. "आई, काही दाबू नकोस, रविवारी येतो," म्हणून मी ठेवून दिला. रविवारी गेलो. ती वही आणि पेन्सिल घेऊन टेबलाशी तयारच बसली होती, चष्मा पुसून. मी तिला पत्ता उलटा कसा वाचायचा ते शिकवायला लागलो. तिसऱ्यांदा चुकल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली.

"हे मागून-पुढून वाचणं माझ्याच्यानं नाही रे व्हायचं. काहीतरी सोपं सांग ना."

मी घड्याळात बघितलं. बस पाच दहाची होती. मग मी तिला माझी स्वतःची युक्ती सांगितली, जी बँकेच्या पुस्तकात नव्हती.

"आधी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकायचा. खऱ्या बँकेला तुझा खरा पासवर्ड ओळखता येतो, म्हणून ती लगेच नाही म्हणते. खोटीला काहीच माहीत नसतं. ती दिसेल ते गिळते आणि धन्यवाद म्हणते. नाही म्हणाली तर खरी, हो म्हणाली तर खोटी. संपलं."

अशा कामासाठी माझ्याकडे एक जुना, रिकामा फोन असायचा. त्यावर तिला आलेली लिंक उघडून मी तिच्या हातात दिला. तिने कोणाचं तरी भलतंच नाव टाकलं आणि पासवर्डच्या जागी 'गाढव' असं टाकलं. पान क्षणभर फिरलं. मग हिरव्या अक्षरांत आलं, 'धन्यवाद. आपली ओळख पटली आहे.' आई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "काहीही सांगा, हो म्हणतं मेलं!" तिने पुन्हा केलं. पुन्हा हसली. मग वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: नाही म्हणालं तर खरं. त्याच्या खाली मी आमच्या कक्षाचा नंबर लिहून दिला आणि बजावलं, "शंका आली की या नंबरला विचारायचं. दरवेळी मला नाही."

त्या युक्तीला पुढचा एक भाग आहे. जे चोर हुशार असतात ते पहिला पासवर्ड मुद्दामच नाकारतात, तो बरोबर असो की चूक. नकार ऐकला की माणसाचा विश्वास बसतो, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणूनच ही युक्ती बँकेच्या पुस्तकात नव्हती. पण हे समजावून सांगायला आणखी दहा मिनिटं गेली असती, आणि पाचला पाच कमी होते.

मी आईला रोज संध्याकाळी पावणेसातला फोन करायचो, बसमधून उतरून घरापर्यंत चालत जाताना. नऊ मिनिटं. एक कान तिच्याकडे, डोळे रस्त्यावर, आणि मन बहुतेक वेळा तिसरीकडेच. ती बोलायची, मी हो, हं, बरं करायचो. रोज फोन करणारे मुलगे किती असतात? मला त्याचा अभिमान होता.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी ती म्हणाली, "अरे, गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते माझ्या डाव्या डोळ्याचं, नाही का?"

"हो."

"आणि तू रात्रभर दवाखान्यात बसून होतास."

"हो ना."

मग "बरं," म्हणून तिने फोन ठेवला. एरवी आधी मी ठेवायचो.

मंगळवारी तिने विचारलं की खोलीतला पंखा मीच बसवला होता ना. मी हो म्हणालो. गुरुवारी मी रस्ता ओलांडत होतो. ती म्हणाली, "तू नऊ वर्षांचा असताना जिन्यावरून पडलास, डावा हात मोडला. किती रडला होतास."

"हो आई, डावा," मी म्हणालो, आणि घसरणारी पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतली. उजव्या खांद्यावर ती कधीच टिकत नसे. लहानपणी मोडल्यापासून तो हात कोपरात पूर्ण सरळ होत नव्हता. म्हणजे बघा, मोडलेल्या हाताने पिशवी सावरत मी दुसराच हात मोडला म्हणून सांगत होतो, आणि मला पत्ताच नव्हता.

फोनमध्ये कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज आला.

पुढच्या गुरुवारी तिचा आवाज एकदम मोकळा होता. "काल येऊन गेलास ते फार बरं केलंस. नळ आता थेंबभर गळत नाही."

"हो," मी म्हणालो. दहा पावलं गेल्यावर थांबलो. "कोण आलं होतं काल?"

"तू."

"आई, मी काल कामावर होतो. दिवसभर."

"कालचा तू नाही म्हणत होतास," ती म्हणाली.

"कशाला नाही?"

"मी विचारलं त्या सगळ्यालाच."

भुताखेताचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. अकरा वर्षं भामट्यांच्या वाटा तपासणारा माणूस मी. एकट्या म्हाताऱ्या बायका हेरून, मुलगा किंवा भाचा म्हणून घरात शिरणारी टोळी असणार. मला भीती वाटली ती साधी होती: आईच्या घरात कोणीतरी आहे.

रविवारची वाट न बघता मी दुसऱ्याच दिवशी गेलो. फाटकाशी पाहुण्यांची वही असते. सख्ख्या मुलालाही तिथे सही करावी लागते. मी बुधवारचं पान उलटलं. अकरा वीस, माझं नाव, दुसरा मजला, आईकडे, आणि पुढे सही. सही माझी होती. माझ्या सहीचा शेवट नेहमी थोडा खाली घसरतो, कोपर अडतं म्हणून. तशीच घसरलेली होती.

"तुम्हीच तर आलात साहेब," रखवालदार म्हणाला. "मला नावानं हाक मारलीत."

"मी कधी तुला नावानं हाक मारतो?"

"तेच म्हणतोय. पहिल्यांदाच."

वर गेलो. स्वयंपाकघरातला नळ उघडून बंद केला. थेंब पडला नाही. चार महिने मी येईन तेव्हा बघतो म्हणत होतो तोच नळ. ओट्यावर दोन कप धुऊन उपडे घातले होते.

"दिसायला कसा होता?" मी विचारलं.

"तुझ्यासारखा," आई म्हणाली. "अगदी तुझ्यासारखा. फक्त त्याला घाई नव्हती." मग तिला हसू आलं. "भांडतो रे माझ्याशी. मी म्हटलं, डावा डोळा. तो म्हणाला, काहीतरीच काय आई, उजवा. मी म्हटलं, दवाखान्यात होतास. तर म्हणाला, नव्हतो, तेव्हा मी आलो नाही, माझं चुकलं. कारखान्यातल्या गोष्टी सांगितल्या तर मध्येच अडवतो, मिनिटाला चाळीस म्हणतेस, मागच्या वेळी तीस म्हणाली होतीस. तू कधी असं भांडत नाहीस."

मला राग आला. तो कोणावर होता ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिच्या सुखी चेहऱ्यावर असावा.

"आई, तुझं डोकं एकदा तपासून घेऊ या," मी म्हणालो. "या वयात होतं असं. घरात कोणाला घेतेस, कोणाशी बोलतेस, काही कळेनासं झालंय तुला."

खुर्चीत बसून तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, डोळा किंचित बारीक करून, मागे दिवा असल्यासारखं. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आली नाही.

सोमवारी कामावर मी माझेच फोन काढून बघितले. आमचा प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होतो. बुधवार, अकरा चौदा ते अकरा एकतीस: मी एका बाईशी बोलत होतो. आवाज माझा, वाक्यं माझी, मध्येच तिला तोडणंही माझंच. म्हणजे मी इथे होतो. मी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मला बरं वाटण्याऐवजी वाईट वाटलं, कारण ती बाई शेवटी हळूच "धन्यवाद हं" म्हणाली होती आणि मी तोपर्यंत फोन ठेवून टाकला होता.

त्या संध्याकाळी मी चालता चालता नाही, घरी खुर्चीत बसून फोन केला. राहिलेला भाग तिला सांगितला.

"आई, नीट ऐक. मी तुला अर्धंच सांगितलं होतं. हुशार चोर पहिल्यांदा मुद्दाम नाही म्हणतो, विश्वास बसावा म्हणून. नाही म्हणाला म्हणजे खरा, असं नसतं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"वेळ नव्हता."

"त्याने सांगितलं," ती शांतपणे म्हणाली.

"काय सांगितलं?"

"की आता तो तुला फोन करेल आणि असं असं म्हणेल. शब्दही हेच."

मी मोठ्याने म्हणालो की ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं, पंखा मिस्त्रीने बसवला, हात उजवा मोडला. सगळं बरोबर होतं.

"दुसऱ्यांदा विचारलं की सगळेच बरोबर सांगतात," आई म्हणाली. त्यानंतर तिने माझा फोन उचलला नाही. मंगळवारी अकरा वेळा वाजू दिला.

मला काय हवं होतं ते सांगतो. त्या माणसाला पकडणं मला तेव्हाही दुय्यम होतं. तिने दार उघडून, नेहमीसारखं वैतागून, "किती वाळलास रे," म्हणावं एवढंच हवं होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला हे लिहायला लाज वाटते, पण तसं होतं खरं.

बुधवारी मी रजा टाकली. तो बुधवारी येतो, तर आपण आधीच जाऊन बसू, असा हिशोब होता. साडेदहाला फाटकाशी पोचलो. स्वच्छ ऊन होतं. रखवालदाराने वही पुढे सरकवली.

"कोणाकडे जायचंय?" त्याने विचारलं.

मला वाटलं, टोमणा मारतोय. मी त्याच्याकडे बघितलं. तो खरोखरच उत्तराची वाट बघत होता.

दुसरा मजला. बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. आत साखळी होती, नवीकोरी. तिचे स्क्रू कोणीतरी निवांतपणे, एका ओळीत बसवले होते. फटीत आईचा एक डोळा आणि अर्धा गाल दिसत होता.

"आई, मी."

"हो का?"

"आई, उघड ना. उजवा डोळा. मी रात्री दवाखान्यात नव्हतो. पंखा मिस्त्रीने बसवला. कारखान्यात आधी तीस बाटल्या होत्या, मग नवा पट्टा आला तेव्हा चाळीस झाल्या." हे शेवटचं मला खरंच आठवलं होतं, आदल्या दिवशी, अंथरुणात पडल्या पडल्या.

"पाठ करून आलास," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तोही लहानपणी असाच पाठ करायचा, परीक्षेच्या आधी."

"तो म्हणजे मीच!"

तिने थोडा विचार केला. "हात दाखव."

मला हायसं वाटलं. सही चोरता येते, आवाज चोरता येतो. पस्तीस वर्षांपूर्वी वाकडं जुळलेलं हाड कोण चोरणार? मी बाही वर केली आणि उजवा हात फटीतून आत घातला.

"सरळ कर."

मी हात लांब करत नेला, जिथे तो अडतो तिथपर्यंत.

तो अडला नाही.

खांद्यापासून बोटांपर्यंत पट्टीसारखा सरळ झाला. दुखलंसुद्धा नाही. साखळीखाली, आईच्या दारात, तो हात ताठ पसरला होता, आणि त्याच्याकडे आम्ही दोघंही बघत होतो.

मी हात बाहेर ओढला. वाकवला, पुन्हा सरळ केला. पुन्हा पूर्ण सरळ झाला.

"थांब," आई म्हणाली. "विचारून घेते."

ती आत गेली. टेबलावरून वही आणि फोन घेऊन आली, फटीसमोर उभी राहिली, वहीतला नंबर एकेक आकडा वाचत दाबला. तिला कमी ऐकू येतं म्हणून ती नेहमी स्पीकर लावते. दोनदा वाजलं.

"नमस्कार, तपासणी कक्ष. बोला."

माझा आवाज होता. 'बोला'च्या आधी मी घसा साफ करतो, तोसुद्धा केला. मागे पोपटाचं छापील वाक्य चालू होतं.

"माझ्या दारात एक माणूस आलाय," आई म्हणाली. "माझा मुलगा आहे म्हणतो."

"घाबरू नका. सावकाश सांगा."

सावकाश हा शब्द मी त्या खुर्चीत अकरा वर्षांत उच्चारला नव्हता.

"काही दिलंत का त्याला?"

"नाही."

"आत घेतलंत?"

"साखळी आहे."

"छान केलंत. चुकीचं विचारून बघितलं होतं?"

"बघितलं होतं. सगळ्याला हो म्हणाला."

पलीकडे फळ्यावर पेन ओढल्याचा किरकिर आवाज. एकच रेघ.

"मग तुम्हाला माहीतच आहे," तो हळुवारपणे म्हणाला. "दार लावून घ्या आई. संध्याकाळी येतो मी."

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. तिच्या नावाने, माझ्या नावाने, तो चोर आहे म्हणून. दाराला खांदा लावला. साखळी हलली नाही.

आई फटीतून माझ्याकडे बघत होती. तिला माझी दया आली होती. ते मला स्पष्ट दिसलं, आणि तेच सहन झालं नाही.

"तुम्ही जा आता," ती म्हणाली. "तुमची आई वाट बघत असेल."

जन्मात तिने मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

दार लागलं. कडी सरकली. मग वरची दुसरी कडी.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. वरच्या मजल्यावरचे कोणीतरी उतरत आले, मला वळसा घालून गेले. बऱ्याच वेळाने मी खिशातून फोन काढला आणि 'आई' दाबलं. तिच्या फोनची घंटी मोठी आहे, बंद दारातूनही ऐकू येते. मी कान दिला. आत काहीच वाजलं नाही.

पण कुठेतरी वाजत होतं. चौथ्या घंटीला उचलला गेला.

"अरे, आहेस कुठे?" एक बाई म्हणाली. घोगरा, प्रेमळ आवाज. मी तो आधी कधीच ऐकला नव्हता. "केव्हाची वाट बघतेय. येतोस ना?"

मी आईच्या बंद दाराकडे बघितलं.

"हो," मी म्हणालो.

पत्ता तिने सांगितला नाही आणि मी विचारला नाही. खाली उतरलो, दोन बस बदलल्या, आणि चालत राहिलो तसा पोचलो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आहेत. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. ताट झाकून ठेवलं होतं. माझ्या मापाच्या चपला दाराशी होत्या, थोड्या झिजलेल्या.

तेव्हापासून मी इथेच आहे. एकदा बँकेत जाऊन आलो, काचेच्या भिंतीबाहेरून. माझ्या खुर्चीत माझ्यासारख्याच पाठीचा माणूस बसला होता आणि फळा कोणीतरी स्वच्छ पुसून टाकला होता. पोपट त्याच्याशी काहीतरी बोलून हसला. मी आत गेलो नाही. हल्ली तिथे फोन करणाऱ्या लोकांना फार समजून घेतात, असं बसमध्ये दोघीजणी बोलत होत्या.

ही बाई माझ्याशी चांगली वागते. माझं बोलणं संपेपर्यंत ऐकते. मला कधीच काही विचारत नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा मी सहज म्हटलं, "आई, मी लहान असताना आपल्याकडे एक घोडा होता ना?"

"होता की," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"पांढरा."

"पांढराच."

ती घड्या घालत राहिली. ही परीक्षा मी पुन्हा घेतलेली नाही. घेतली तरी मी जाणार कुठे?

परवा जेवताना तिने आपणहून त्या घोड्याचं नाव सांगितलं. मला ते आठवत होतं.